'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन': यात खरा बदला कोणाचा?

रात्रपाळी:
१९७६चा हा कुंगफू सिनेमा परत बघितला आणि माझं मत पक्कं झालं, की यात न्यायाची बाजू त्या आंधळ्या म्हाताऱ्याची आहे. न पाहिलेल्यांसाठी: चीनच्या चिंग राजवटीचा हा मारेकरी, याच्या दोन शिष्यांना एकहाती बॉक्सरने आधीच्या भागात (१९७२) मारलेलं, म्हणून हा साखळीला बांधलेली पात्यांची टोपी घेऊन निघतो, टोपी डोक्यावर बसली की मुंडकं गेलंच. आणि हिरो, म्हणजे तो एकहाती बॉक्सर, काय करतो? म्हाताऱ्याच्या बाजूचा थाई बॉक्सर अनवाणी लढतो हे हेरून त्याला लोखंडी जमिनीच्या खोलीत गाठतो, खालून जाळ, बाहेर पडायला बघितलं तर शिष्य भाले रोखून उभे. हा कसला शूरपणा?

मीनल_क:
साफ असहमत. खानावळीतला सीन तुम्ही सोयीस्कर गाळलात. एक फुकट जेवायला आलेला एकहाती माणूस 'मीच तो बॉक्सर' अशी थाप मारतो आणि म्हातारा त्याचं मुंडकं उडवतो. माणूस भलताच निघाला हे कळल्यावर काय, तर दिसेल तो एकहाती मारायचा! शिष्यांवरची माया समजू शकते पण त्या माणसाने कोणाचं काय बिघडवलं होतं? याच्या मागे अख्खं सरकार, हिरोकडे एक हात आणि त्याच्या कुंगफू शाळेतली पोरं, तो डोकं वापरणारच ना.

रात्रपाळी:
डोकं वापरा की. पात्यांच्या टोपीत बांबू अडकवून ती निकामी करणं मला जाम आवडलं. पण शवपेट्यांच्या दुकानात स्प्रिंगने उडणाऱ्या कुऱ्हाडी लावून ठेवायच्या, तेही आंधळ्यासाठी? कुस्तीत डोळ्यात माती टाकून जिंकल्यासारखं वाटतं ते.

जुनी_कॅसेट:
तुम्ही दोघं नीतीवर भांडताय, मला तर या सापळ्यांमुळेच सिनेमा ग्रेट वाटतो. पैसा नाही, सेट म्हणजे एक खोली आणि एक दुकान, मग जिमी वँग यूने (लेखक, दिग्दर्शक, हिरो सगळं हाच) त्या जागेलाच हत्यार केलं. मारामाऱ्या बसवल्यात लाउ कार-लिउंग आणि त्याच्या भावाने, हाच लिउंग पुढे १९७८ला 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' हा सिनेमा करतो. आणि म्हातारा आला की वाजणारं ते घरघरणारं म्युझिक नॉय या जर्मन बँडचं आहे, तेच पुढे हॉलीवूडच्या टॅरँटिनोने त्याच्या 'किल बिल' सिनेमात घेतलं.

मीनल_क:
मान्य, पण मधली मारामारीची स्पर्धा फार लांबते, एकामागून एक कुस्त्या, गोष्ट तिथेच बसून राहते. आणि तो भारतीय योगी! चिनी नटाला रंग फासलाय, हात रबरासारखे लांब होतात. योग म्हणजे जादूटोणा असं दाखवलेलं मला तेव्हाही खटकलं आणि आत्ताही खटकतं.

जुनी_कॅसेट:
रंग फासणं चूकच. पण तो हात लांबवणारा योगी लोकांच्या डोक्यात बसला हेही खरं, 'स्ट्रीट फायटर टू' या व्हिडिओ गेममधला धालसिम यावरूनच सुचला असं बरेच गेमवाले मानतात.

रात्रपाळी:
योग्याबद्दल मीनलताईंशी सहमत. खानावळीचा सीन मात्र माझी बाजू पाडत नाही. म्हातारा क्रूर आहे, पण तो समोर येऊन, स्वतःची ओळख सांगून मारतो. हिरो खोलीचं दार लावून घेतो.

मीनल_क:
ओळख सांगून मारलं तरी तो खानावळीतला माणूस मेलाच ना. अशा माणसासमोर मी पण दार लावलं असतं.