यूपीएसच्या चालकाला १,७०,००० डॉलर: रास्त मोबदला की न झेपणारा भार?

मालवाहू:
ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या यूपीएस या खोकी पोचवणाऱ्या कंपनीच्या कामगारांनी, त्यांच्या टीमस्टर्स युनियनने केलेला पाच वर्षांचा करार ८६.३ टक्के मतांनी मंजूर केला. त्याच महिन्यात कंपनीच्या प्रमुख कॅरल टोमे यांनी सांगितलं, की कराराच्या अखेरीस पूर्णवेळ चालकावर पगार आणि इतर लाभ धरून वर्षाला सरासरी १,७०,००० डॉलर खर्च होतील. माझं मत सरळ आहे: हा दर बाजाराच्या बाहेरचा आहे.

हिशेब करून बघा. वर्षाला २,३०० तास धरले तर ताशी ७४ डॉलर पडतात. समजा, नऊ तासांत १५० थांबे, म्हणजे माल पोचवायची ठिकाणं, झाले, तर एका थांब्याचा नुसता चालकाचा खर्च साधारण ४.४० डॉलर. अ‍ॅमेझॉनची पाकिटं टाकणारा चालक ठेकेदाराकडे असतो. २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनने या चालकांचा सरासरी दर ताशी २२ डॉलरच्या आसपास असल्याचं जाहीर केलं. त्यावर कर आणि विमा मिळून २७ धरा, दहा तासांत १८० थांबे धरा: दीड डॉलर. दोघांच्या गाड्या एकाच रस्त्यावर फिरतात. ग्राहकाला खोका दारात हवा असतो, चालकाच्या पेन्शनशी त्याला देणंघेणं नसतं.

हिशेबनीस:
आकडेमोड बरोबर, तुलना चुकीची. एका बाजूला २०२८ चा दर घेतलात आणि दुसऱ्या बाजूला २०२४ चा.

१,७०,००० ची फोड करू. कराराच्या अखेरचा टॉप रेट, म्हणजे अनुभवी चालकाचा सर्वांत वरचा दर, ताशी सरासरी ४९ डॉलर. आठवड्याला ४० तास म्हणजे वर्षाला २,०८० तास, त्याचे १,०१,९२० डॉलर. आठवड्याला पाच तास ओव्हरटाइम, दीडपट दराने, ५० आठवडे: आणखी १८,३७५. झाले सुमारे १,२०,०००. उरलेले ५०,००० आरोग्य विमा आणि पेन्शनच्या निधीत जातात, पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाहीत. विम्याचा हप्ता कामगार भरत नाही, हा या नोकरीचा खरा मोठा लाभ. पण मथळ्यात 'चालकाला १,७०,०००' छापलं की वाचणाऱ्याला ती रक्कम खात्यात जमा होते असंच वाटतं.

वाढसुद्धा नीट बघा. ताशी एकूण ७.५० डॉलर, पण पाच वर्षांत विभागून: २.७५, ०.७५, ०.७५, १.०० आणि शेवटी २.२५. मधल्या दोन वर्षांतली पाऊण डॉलरची वाढ त्या वेळच्या सुमारे ४५ डॉलरच्या दरावर दोन टक्केसुद्धा नाही. आधीच्या पाच वर्षांत, जुलै २०१८ ते जुलै २०२३, ग्राहक किंमत निर्देशांक २१ टक्क्यांनी वाढला होता. त्यामुळे पहिल्या वर्षाचे २.७५ बरेचसे मागची थकबाकी भरण्यातच गेले.

नवा चालक या दरावर लागत नाही, हेही सांगायला हवं. तो २३ डॉलरवर लागतो आणि टॉप रेटला पोहोचायला चार वर्षं घेतो.

मालवाहू:
ठीक, दोन्हीकडे २०२४ घ्या. ४५ विरुद्ध २२. तरीही दुप्पट, आणि पेन्शन वेगळीच. थांब्याचा खर्च दुप्पट असणाऱ्याने स्वस्त घरगुती पाकिटांच्या धंद्यात टिकायचं कसं?

रोखठोक:
टिकत नाहीये, म्हणूनच तो धंदा सोडतेय. जानेवारी २०२५ मध्ये यूपीएसने जाहीर केलं, की २०२६ च्या उत्तरार्धापर्यंत अ‍ॅमेझॉनचा माल निम्म्याहून अधिक कमी करणार. एप्रिलमध्ये २०,००० नोकऱ्या आणि ७३ इमारती कमी करायची घोषणा. नंतर चालकांनी स्वेच्छेने जावं म्हणून नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १,८०० डॉलर देऊ केले. युनियन त्या योजनेच्या विरोधात होती. टॉप रेट करारात लिहून घेता येतो, खोक्यांची संख्या नाही.

आणि यलो विसरू नका. टीमस्टर्सचेच सदस्य असलेली मालवाहतूक कंपनी, ३० जुलै २०२३ ला बंद पडली. सुमारे ३०,००० लोक घरी बसले, त्यातले २२,००० युनियनचे.

हिशेबनीस:
यलोचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथल्या कामगारांनी २००९ पासून पगारात १५ टक्के कपात सोसली, पेन्शनमध्ये सवलती दिल्या. २०२० मध्ये कंपनीला सरकारकडून ७० कोटी डॉलरचं कर्जही मिळालं. तरी बुडाली. एकामागून एक कंपन्या विकत घेऊन त्यांची वाहतुकीची जाळी नीट न जुळवल्याचा भार कपातीने कसा हलका होणार?

अ‍ॅमेझॉनबद्दल यूपीएसने स्वतः सांगितलंय, की तो सर्वांत मोठा ग्राहक आहे पण सर्वांत नफ्याचा नाही. दूरदूरच्या घरी एकेक हलकं पाकीट, हा माल कमी पगारातही फारसा उरत नाही. दवाखाना, कारखाना, दुकान इथे एका थांब्यावर दहा-वीस खोके उतरतात आणि संध्याकाळी तिथूनच माल उचलायचाही असतो. त्या थांब्याचा दर आणि तुमचा ४.४० चा थांबा एका तराजूत घालू नका.

नफ्याचंही बोला. २०२२ मध्ये कंपनीने १००.३ अब्जाच्या उलाढालीवर १३ अब्जांहून अधिक कार्यकारी नफा कमावला आणि ३.५ अब्जांचे स्वतःचेच शेअर परत घेतले. त्या वर्षी कोणी विचारलं नाही, की हे परवडतं का.

मालवाहू:
२०२३ मध्ये उलाढाल ९१ अब्जांवर आली, नफा ९ अब्जांच्या आसपास. वाटाघाटी चालू असताना संपाच्या भीतीने ग्राहकांनी रोजचे सुमारे दहा लाख खोके दुसरीकडे वळवले होते. हाही कराराचाच खर्च, फक्त तो चालकाच्या नावावर लिहिला जात नाही.

पहाटपाळी:
तुम्ही सगळे स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाबद्दलच बोलताय. यूपीएसच्या युनियन कामगारांत निम्म्याहून जास्त पार्ट-टाइमर आहेत, आणि अन्याय झालाय तो तिथे.

पार्ट-टाइमरचा किमान दर करारात २१ डॉलर झाला. ऐकायला चांगला. पण हमी दिवसाला साडेतीन तासांची. पाच दिवसांचे साडेसतरा तास, म्हणजे आठवड्याला ३६७.५० डॉलर, कर कापायच्या आधी. विमा चांगला मिळतो, जे टिकतात ते त्यासाठीच हे मान्य.

आता याचा चालकाच्या महागड्या तासाशी संबंध बघा. पहाटे गाडी भरणारा हा पार्ट-टाइमर खोक्यावरचं लेबल बघून तो १००० ते ८००० क्रमांकाच्या कप्प्यांत रचतो, थांब्यांच्या क्रमाने. खोके वाहून आणणारा पट्टा वेगात असतो, एकेकाकडे तीन-चार गाड्या. नवखा माणूस २००० चा खोका ६००० मध्ये टाकतो, किंवा थेट शेजारच्या गाडीत. मग चालक दहाव्या थांब्यावर मागे चढून खोके उपसत बसतो, नाहीतर दुपारी तो सापडल्यावर उलटा फिरून जातो. असे पाच खोके चुकले की पाऊण तास सहज जातो, आणि तो दिवसाच्या शेवटी दीडपट दराने भरावा लागतो. आठवड्यात तीन दिवस साडेनऊ तासांवर गेले आणि चालकाने साडेनऊच्या यादीत, म्हणजे त्याहून जास्त तास नको म्हणणाऱ्यांच्या यादीत, नाव घातलेलं असेल, तर तक्रार करून दंडही वसूल होतो. २१ डॉलरच्या जागेवर माणूस टिकत नाही, त्याची किंमत ४५ च्या तासात मोजली जाते. कंपनी चुकीच्या टोकाला काटकसर करतेय, आणि युनियननेही टॉप रेटचा आकडा मिरवताना हे टोक सैल सोडलं.

रोखठोक:
युनियनचा इतिहासही फार सोवळा नाही. २०१८ च्या करारात '२२.४' नावाचा चालकांचा वर्ग यांनीच मान्य केला: काम तेच, दर कमी. ५४ टक्क्यांनी विरोधात मत दिलं, तरी मतदान निम्म्याहून कमी म्हणून नेतृत्वाने करार लागू केला, कारण अशा वेळी फेटाळायला दोन-तृतीयांश विरोध लागायचा. तो नियम २०२१ मध्ये गेला, तो वर्ग २०२३ मध्ये.

हिशेबनीस:
आणि ते काढायला सदस्यांना नेतृत्व बदलावं लागलं. ठेकेदाराच्या चालकाला कोणाला बदलता येतं? एप्रिल २०२३ मध्ये पामडेल, कॅलिफोर्निया इथले अ‍ॅमेझॉनचे ठेकेदारी चालक टीमस्टर्समध्ये गेले, त्याच वर्षी त्या ठेकेदाराचं कंत्राट संपलं. अ‍ॅमेझॉन म्हणते, आधीच ठरलं होतं, कारण कामगिरी. असेल. पण चालकाने वाटाघाट करायची तर समोर जो मालक बसतो त्याच्याकडे दर वाढवायला पैसा नसतो, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो म्हणतो मी तुमचा मालकच नाही. २२ डॉलर हा बाजारभाव नव्हे, या रचनेचा भाव आहे.

मालवाहू:
रचना अन्यायाची असू दे. ग्राहक ती रचना रोज निवडतोय, आणि ३१ जुलै २०२८ ला हा करार संपेल तेव्हा यूपीएस टेबलावर कमी इमारती आणि कमी चालक घेऊन बसेल.

पहाटपाळी:
मग त्या टेबलावर पहिली मागणी टॉप रेटची नको. पार्ट-टाइमरचे हमीचे तास साडेतीनवरून पाच करा आणि पहाटेच्या पट्ट्यावर माणशी गाड्या कमी करा. हे कंपनीलाही परवडेल.