जवळच्या हजारात राउंड ऑफ: ३,४४९ चे ३,००० की ४,०००?

प्रश्न: ३,४४९ एककापासून सुरुवात करून गोल करत गेलं तर आधी ३,४५०, मग ३,५००, शेवटी ४,००० येतात. उत्तरात मात्र ३,००० दिलंय. चूक कुठे?

उत्तर १: पायरीपायरीने गोल करायचंच नाही, घोळ तिथेच आहे. हजाराच्या लगेच उजवीकडचा अंक बघा, फक्त तोच. इथे शतकस्थानी ४ आहे, म्हणजे पाचपेक्षा कमी. हजाराचा ३ तसाच आणि पुढे तीन शून्यं. संख्यारेषेवर पाहिलं तरी ३,४४९ मधल्या ३,५०० च्या अलीकडेच आहे.

पुणे जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या घ्या: ९४,२९,४०८. जवळच्या हजारात ९४,२९,०००, दशहजारात ९४,३०,०००, लाखात ९४,००,०००. दरवेळी मूळ आकड्यापासूनच सुरुवात करा.

उत्तर २: वरचं बरोबर. हातच्याचंही सांभाळा. ३९,९६८ जवळच्या शतकात: दशकस्थानी ६, म्हणून शतकाचा ९ वाढून १० होतो, हातचा हजाराच्या ९ वर, तिथून पुढे दशहजारावर. उत्तर ४०,०००. मुलं इथे ३९,१००० असलं काहीतरी अजब लिहून ठेवतात.

उत्तर ३: एक्सेलमध्ये राउंड सूत्रात दुसरी किंमत -३ द्या, हजारात येतं. नुसतं सेलचं फॉरमॅट बदलून दशांश लपवलेत, तर आत जुनाच आकडा राहतो आणि बेरीज दिसणाऱ्या आकड्यांशी जुळेलच असं नाही.