अनुभव धागा : "तू आदिवासी वाटत नाहीस गं!"

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला की भाषणं होतात, बॅनर लागतात. ते राहू दे. इथे बायकांनी आपापलं सांगायचं. दोन ओळीही चालतील. सुरुवात मीच करते.

मी ठाकर. वाढले पुण्यात, कॉलनीत. व्हॅलिडिटीच्या, म्हणजे जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीच्या, मुलाखतीत कुळाचा देव, लग्नाचे विधी विचारतात, असं कळलं, म्हणून आदल्या रात्री आजीला फोन लावून सगळं वहीत उतरवलं. आजी हसत सुटली, "आपलेच देव पाठ करतेस व्हय?" जमातीच्या चालीरीती माहीत आहेत का हे तपासणारी ही ॲफिनिटी टेस्ट एकमेव कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं. माझी मुलाखतीच्या वेळी त्या टेस्टच्या धाकानं झोप उडाली होती. पण वहीत आजीचे शब्द आहेत, ती टाकवत नाही.

कातकरी, रायगड
आमच्या अर्ध्या वाडीचा वाढदिवस १ जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी तोच लिहिला. आई म्हणते, तू भट्टीवर झालीस, अवकाळी पावसानं थापलेल्या विटा विरघळल्या त्या रात्री. मला ही तारीख जास्त खरी वाटते. खैराच्या झाडापासून कात काढायचे म्हणून कातकरी. मी खैर पहिल्यांदा बघितला तो रोपांच्या नर्सरीत.

वारली, डहाणू
आमच्यात चित्र काढत नाहीत, भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात. लग्नात सवाशिणी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, आनंदच आहे. पण ही मुळात बायांची लिखावट, हे कोणी विचारत नाही. बहिणीचं लग्न बोईसरच्या फ्लॅटमध्ये. ऑइलपेंटच्या भिंतीवर तांदळाचं पीठ टिकेना, ओघळ खाली. शेवटी आत्यानं प्लायवूडच्या फळीला शेण-गेरू सारवला नि त्यावर चौकातली देवी पालघाट लिहिली. फळी अजून पलंगाखाली आहे.

(त्या फळीचा फोटो टाक ना! – धागाकर्ती)

गोंड, गडचिरोली
नागपुरात नर्सिंगला होते. तू आदिवासी वाटत नाहीस, हे हॉस्टेलवर रोज ऐकायचे. कसं वाटायचं असतं, ते कोणी सांगत नव्हतं. एकदा वॉर्डात एक म्हातारी आली, मराठीत बोलेचना. मी गोंडीत बोलले तशी उठून बसली. नाव नाही, गाव नाही. पहिला प्रश्न, देव किती? आमच्यात कूळ देवांच्या संख्येवरून ओळखतात. म्हटलं, सात. "माझेही सातच," म्हणाली, "मग माझ्या पोराला तू चालत नाहीस. बहीण लागतेस त्याची." आणि सलाईनचा हात सांभाळत मला जवळ बसवून घेतलं.