संडासाचं पाणी चेंबरमधून वर येतंय, खर्च कोणाचा?

प्रश्न (बेसा_तळमजला): भाडं महिना 9,000. पाऊस लागला की संडासाचं पाणी चेंबरमधून वर येते. पंधरा दिवसांपूर्वी सक्शनची गाडी बोलावून सेप्टिक टाकी उपसली, तरी पुन्हा तेच होऊन राहिलं. घरमालक म्हणतात, वापरता तुम्ही, खर्चही तुमचाच. खरंच का?

नळवाला: आधी दोष कुठे ते पाहा. भांड्याजवळच्या चेंबरचं झाकण उघडून संडासात बादलीभर पाणी ओता. चेंबर कोरडं राहिलं तर बोळा ट्रॅपमध्ये (भांड्याखालच्या वाकड्या पायपात) किंवा तिथपर्यंतच्या 4 इंची पायपात. त्यातून पॅड किंवा कापड निघालं तर खर्च तुमचा, वाद नको. पण सगळी चेंबरं तुंबलेली आणि टाकीतलं पाणी आउटलेटच्या (पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाच्या) वर चढलेलं असेल तर शोषखड्डा, म्हणजे टाकीतून येणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, गेला. टाकी आउटलेटपर्यंत भरलेली असतेच, तो बिघाड नव्हे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, मग पाणी पीत नाही. त्यामुळे उपसल्यावर टाकी भरेपर्यंतच आराम. खड्डा मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो, विहीर-बोअरपासून लांब. हे काम घरमालकाचंच. अ‍ॅसिड ओतू नका, टाकीतले जिवाणू मरतात. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही, आतला वायू जीव घेतो.

कोर्टाच्या_फेऱ्या: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 14: करारात उलट काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक. किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून घ्या आणि भाड्यातून वळते करा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तुमचे वर्षाला 1,08,000, म्हणजे मर्यादा 27,000. पक्की बिलं ठेवा, कोऱ्या चिठ्ठीवरचा आकडा चालणार नाही.

बेसा_तळमजला: करार 11 महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स आहे.

कोर्टाच्या_फेऱ्या: मग गाडी इथंच अडते. कलम 14 भाडेकरूसाठी आहे, लायसन्सी, म्हणजे फक्त राहायची परवानगी मिळालेला, वेगळा. परस्पर पैसे कापलेत तर थकबाकी दाखवतील. करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. 'किरकोळ दुरुस्ती' एवढंच असेल तर शोषखड्डा त्यात बसवणं मालकाला जड जाईल. चेंबरचे तारखेसह फोटो आणि प्लंबरचं लेखी अंदाजपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, खाली लिहा: 'खर्च भाड्यातून वळता करण्यास संमती कळवावी.' 'हो' आल्याशिवाय खड्ड्याला हात लावू नका.