हॅलोविन (१९७८): पैसा नव्हता म्हणूनच भारी झाला का?

रातकिडा: दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा भयपट हॅलोविन परत बघितला आणि मत अजून पक्कं झालं, पैसा नव्हता म्हणूनच हा पिक्चर इतका भारी झालाय. जेमतेम तीन-सव्वातीन लाख डॉलर, तीनेक आठवडे शूटिंग. मुखवटा दुकानातून आणलेला, स्टार ट्रेकच्या कॅप्टन कर्कचा, त्याला पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली की झाला खुनी मायकल तयार. संगीतही दिग्दर्शकानेच केलं, पाच मात्रांची ती पियानोची धून आजही अंगावर येते.

पेठकर: धून मान्य. पण कथेचं काय? सहाव्या वर्षापासून मनोरुग्णालयात असलेला माणूस एकविसाव्या वर्षी सुटून सरळ गाडी पळवतो, शिकला कुठे? त्याचा डॉक्टर लूमिस त्याला पकडायला झुडपामागे दबा धरून बसलाय आणि चोरलेली गाडी त्याच रस्त्यावर उभी, ती त्याला दिसते पार शेवटी. आणि नायिका लॉरी! विणायची सुई मायकलच्या मानेत खुपसली, हातात आलेली सुरी टाकून दिली. तो परत उठला, तिने परत मारलं आणि परत सुरी टाकून पाठ करून बसली. एकदा ठीक आहे हो, दुसऱ्यांदा नाही पटत.

रातकिडा: गाडीचं लूमिस स्वतःच चिडून बोलतो की, इथल्याच कुणीतरी शिकवलं असेल म्हणून.

पेठकर: म्हणजे लिहिणाऱ्याला भोक दिसत होतं आणि त्याने वरून ठिगळ लावलं. उत्तर नाही झालं ते.

सायली_के: सुरीबद्दल पेठकरांशी सहमत. पण लॉरी दाराशी रडत उभी असते आणि मागच्या अंधारातून तो पांढरा चेहरा सावकाश उमटतो ना, तो शॉट विसरूच शकत नाही, कॅमेरामन डीन कंडीने डिमरवर एक दिवा हळूहळू वाढवलाय बस. रक्त तर जवळजवळ नाहीच. माझी तक्रार वेगळी आहे, लॉरीच्या मैत्रिणी ॲनी आणि लिंडाला बॉयफ्रेंड, फोन, बियर यापलीकडे काही दिलंच नाही, मरण्यापुरत्या लिहिल्यात.

रातकिडा: हे नाही पटलं. त्या गप्पा सहलेखिका डेब्रा हिलने लिहिल्यात, तिने स्वतः त्या वयात मुलं सांभाळायची कामं केली होती, म्हणून त्या पोरी खऱ्या वाटतात. ॲनी कपडे धुवायच्या खोलीच्या खिडकीत अडकते तेव्हा हसू येतं आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो. शिवाय ऐन वसंतात पानगळ दाखवायची म्हणून कागदी पानं रंगवून, गोळा करून, पुढच्या शॉटला परत पसरायचे, एवढी मेहनत!

पेठकर: पानांसाठी वेळ होता, मग संहिता अजून एकदा वाचायला कुठे पैसे लागत होते?

सायली_के: खरंय. सुरी नुसती त्याच्या अंगाखाली अडकलेली दाखवली असती तरी भागलं असतं, एक डॉलर जास्तीचा लागला नसता.