मदत हवी आहे: सप्टेंबरात होले, ऑक्टोबरात एल्क. पहिल्यांदाच जातोय, तयारी कशी करू?

कऱ्हाडचा_पाहुणा | १९ जुलै

नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना विनंती, आधी पूर्ण वाचा, मग बोला.

मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला आहे, पाच वर्षं, एच-वन-बीवर. बंदूक आयुष्यात एकदाच हातात धरली, जत्रेत फुगे फोडायला. तिथंही पाच छर्‍यांत एक फुगा. पण ताईनं लग्न केलं ते क्रेगच्या मुलाशी. क्रेग म्हणजे वायव्य कोलोरॅडोतलं, स्वतःला एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीची जागतिक राजधानी म्हणवून घेणारं गाव. दाजींच्या घरी ऑक्टोबरची तयारी आपल्याकडच्या गणपतीसारखी चालते. माळ्यावरून तंबू निघतो, शेगडीचा धुराडा घासला जातो, कोण कुठं झोपणार यावरून भांडणं होतात. दरवर्षी मला बोलावतात, दरवर्षी मी ऑफिसचं कारण सांगतो. यंदा भाचा बारा वर्षांचा झालाय आणि त्याला सोडतीत मादी एल्कचा टॅग (एक जनावर मारायचा परवाना) लागलाय. "मामा, तू येणारेस ना?" असं त्यानं फोनवर विचारलं. आता कुठलं कारण सांगू?

त्याआधी १ सप्टेंबरला ऑफिसातले तीन मित्र ग्रीलीच्या पूर्वेला होले मारायला चाललेत, तिथं मीही असावं असा त्यांचा आग्रह. दाजीही म्हणतात की आधी पक्ष्यांवर हात बसू दे.

प्रश्न असे:

१) एच-वन-बीवर बंदूक हातात घेतलेली चालते का? एक जण हो म्हणतो, दुसरा म्हणतो थेट डिपोर्ट.

२) दाजी म्हणतात, दुसऱ्या रायफल सीझनचा नराचा टॅग सोडतीशिवाय मिळतो, तू पण घे. घेऊ का?

३) वय ४१, पोट पुढं. कॅम्प नऊ हजार फुटांवर आहे. तीन महिन्यांत काय करता येईल?

४) आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. बाबांना दोन्हीकडे यायचंय. आईला यातलं काहीच पसंत नाही. त्यात यंदा अधिक महिना आल्यामुळं १ सप्टेंबर ऐन श्रावणात.

---

रानवाट | १९ जुलै

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या दोन्ही मित्रांनी अर्धंअर्धं दिलंय. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, मग ती उसनी का असेना. याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. सरावाच्या रेंजवर जातानाही तो खिशात हवा.

त्यातली गोम अशी की कोलोरॅडोचा वार्षिक परवाना ३१ मार्चला संपतो. तुम्ही हौसेनं बंदूक विकत घेतली आणि १ एप्रिलला ती कपाटात असेल, परवान्याचं नूतनीकरण झालं नसेल, तर अपवाद गेला. म्हणून पहिल्या वर्षी विकत घेऊच नका, शिकारीपुरती मित्राची वापरा. आणि ऑफिसच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकून ठेवा, लेखी उत्तर असलेलं बरं.

बाबा टुरिस्ट व्हिसावर असतील तर त्यांना हाच नियम. सोबत येऊ देत, खुर्ची टाकून बसू देत, पण "जरा धर रे, फोटो काढतो" हे अजिबात नाही.

आता कागदपत्रांचा क्रम. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, त्याच्या कार्डाशिवाय परवाना मिळत नाही. जुलै संपायच्या आत करून टाका, ऑगस्टमध्ये जागा मिळताना मारामार होते. मग स्मॉल गेम (छोट्या शिकारीचा) परवाना, हॅबिटॅट स्टॅम्प (परवान्यासोबतचं शुल्क), आणि स्थलांतरी पक्ष्यांसाठी एचआयपी हा नोंदणी नंबर. हा फुकट असतो आणि म्हणूनच लोक विसरतात.

---

कऱ्हाडचा_पाहुणा | २० जुलै

रानवाट, लाख धन्यवाद. बाबांचा चेहरा पडलाय. दाजींचे वडील १९४७ चे, त्यांना कोर्स लागत नाही हे कळल्यावर बाबा म्हणाले, "मी पण ४८ चा आहे की!"

---

शाकाहारी_सिंह | २० जुलै

वाचलं पूर्ण. तरी विचारतो, दुकानात सगळं मिळत असताना बिचारी कबुतरं मारायची हौस कशाला? आपल्याकडं १९७२ पासून शिकारीवर बंदी आहे ती काय उगाच?

---

टेक्सासचा_तात्या | २१ जुलै

सिंहसाहेब, आपल्याकडचा कायदा आपल्याकडच्या परिस्थितीतून आला आणि तो योग्यच आहे. इकडची गोष्ट वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपलं होतं, बाजारात विकायला मारून मारून. मग वायोमिंगहून आणून सोडली, शिकारीला मोसम आणि मर्यादा घातल्या. आज तिथं अडीच लाखांच्या वर आहेत. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो. पटावं असा आग्रह नाही. पण धागा मदतीचा आहे, वादाला वेगळा काढा, तिथं मीही येतो.

पाहुणे, होल्यांचं सांगतो, एकवीस वर्षं जातोय. दिवसाला १५ ची मर्यादा आहे, पण तुम्हाला तिची काळजी नको, पहिल्या दिवशी पाच मिळाले तरी पेढे वाटा. मोर्निंग डव्ह हा पक्षी सरळ उडतच नाही. वाऱ्यावर फेकलेल्या चपलेसारखा येतो. तेव्हा ऑगस्टमध्ये निदान तीनदा क्ले थाळ्यांवर (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर) सराव करा. साडेसात किंवा आठ नंबरचे छर्रे, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक (नळीचं तोंड किंचित आवळणारा). पंप किंवा ऑटो बंदूक असेल तर काडतुसांच्या नळकांड्यात प्लग (जादा काडतुसं अडवणारी दांडी) बसवलाय ना, हे स्वतः बघा. स्थलांतरी पक्ष्यांसाठी एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत. मित्र म्हणाला "आहे रे" तरी चौथं घालून बघा, जायला नको.

शेत कसलं आहे? कापलेला गहू, कापलेलं सूर्यफूल चालतं. पण कुणी मुद्दाम दाणे टाकले असतील तर ते आमिष, आणि आमिष काढल्यानंतरही दहा दिवस तिथं शिकार गुन्हा. गेम वॉर्डन "मला माहीत नव्हतं" ऐकून घेईलच असं नाही. शेतकऱ्याला आधीच विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं: खालून उडणाऱ्या पक्ष्यावर बार काढायचा नाही, मागं आभाळ दिसलं तरच. आणि पक्षी पडला की त्या जागेवरची नजर हलवायची नाही. दुसरा डोक्यावरून गेला तरी जाऊ द्या. धसकटात होला पडला की मातीच्या रंगाचा होतो, दोन पावलांवरचा सापडत नाही.

---

मीनाक्षी_ग्रीली | २२ जुलै

आमच्याच भागात येताय! पाणी भरपूर घ्या, सकाळी गार असतं आणि दहाला अंग भाजतं. धसकटात रॅटलस्नेक असतात, पक्षी शोधताना हात घालण्याआधी बूट आपटा. बर्फाचा कूलर गाडीत न ठेवता स्टुलाखाली ठेवा, उन्हात पडलेला पक्षी तासाभरात वास मारतो. मुलांना नेणार असाल तर कानावरची मफ आणि चष्मा त्यांनाही.

मांस काळपट लाल असतं, कलेजीच्या जवळ जाणारं. इथले लोक मिरची आणि बेकन गुंडाळून भाजतात. मी छाती तेवढी काढून आलं-लसूण, हळद, मीठ लावते, लोखंडी तव्यावर तेल कडक तापवून दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, वरून कांदा-लसूण मसाला आणि लिंबू. कुकरला लावलात तर रबर होईल आणि नाव माझं खराब.

---

रानवाट | २२ जुलै

आता एल्क. टॅगबद्दल माझं स्पष्ट मत: यंदा घेऊ नका.

कारण सांगतो. नर एल्क ३०० किलोच्या पुढं भरतं. चाप ओढायला एक सेकंद, त्यानंतरचं काम दोन दिवसांचं. कातडं उतरवायचं, चार मांड्या, पाठीच्या पट्ट्या, आतले फिले वेगळे काढायचे, कारण खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा इथं गुन्हा आहे. लिंगाची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या चिकटलेली ठेवायची. शिवाय बऱ्याच युनिटमध्ये (शिकारीच्या विभागांत) नराच्या एका शिंगाला चार टोकं हवीत किंवा भुवईवरचं टोक पाच इंचांचं हवं. पहाटेच्या अंधुक उजेडात, धापा टाकत, दुर्बिणीतून टोकं मोजणं हे पहिल्या वर्षाचं काम नाही. चुकलात तर दंडापेक्षा शरम मोठी.

शिकार न करता सोबत जायला परवाना लागत नाही. सोळाच्या आतल्या पोराबरोबर प्रौढ मेंटॉर लागतो, ते दाजी आहेत. तुम्ही हमाल म्हणून जा. हसू नका, कॅम्पमध्ये सगळ्यात जास्त मान हमालाला असतो.

मादीची मागची एक मांडी हाडासकट ५० पौंडांच्या आसपास जाते. आजपासून पाठीवर वजन घेऊन चाला. वेगळं काही विकत आणू नका, इंडियन ग्रोसरीतली २० पौंडी तांदळाची पिशवी सॅकमध्ये उभी ठेवा आणि आठवड्यातून तीनदा हॉर्सटूथच्या चढावर जा. सप्टेंबरात दोन पिशव्या. बूट आत्ताच घ्या आणि त्यातच चाला, ऑक्टोबरात नवे बूट म्हणजे पहिल्या दिवशी फोड आणि पुढचे चार दिवस तंबूत खिचडी ढवळणं. सुती काही नको, जीन्स तर घरीच ठेवा. लोकर घ्या.

रायफल सीझनमध्ये शिकाऱ्याला कंबरेच्या वर ५०० चौरस इंच फ्लोरोसंट भगवा किंवा गुलाबी लागतो, शिवाय चहूबाजूंनी दिसणारी टोपी. तुम्ही शिकारी नसलात तरी घाला. गोळीला हमाल ओळखू येत नाही.

---

पिठलंभाकरी | २३ जुलै

एक राहिलं. सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हरीणकुळातला मेंदूचा रोग, ओळखला गेला तो तुमच्याच फोर्ट कॉलिन्समध्ये, १९६७ साली. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण डोकं तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. मणका करवतीनं कापू नका, सांध्यांत सुरी घालून मांस सोडवा. आपल्या लोकांना नळी दिसली की पांढरा रस्सा दिसतो (मी स्वतः त्यातलाच), पण निकालाआधी हाड पातेल्यात टाकायचं नाही.

आणि एल्कला चरबी नसते. खिमा करताना थोडी बोकडाची चरबी घाला. पाठीच्या पट्टीला मसाला लावणाऱ्याला मी ओळख दाखवत नाही, मीठ-मिरी पुरे.

---

कऱ्हाडचा_पाहुणा | ३ सप्टेंबर

अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.

कोर्स झाला, परवाना झाला, वकिलाचं उत्तर आलं (रानवाटनी सांगितलं तेच, फक्त तीन पानांत). नराचा टॅग घेतला नाही. दाजी आधी हिरमुसले, मग हमालीचं ऐकून खूश.

परवा पहाटे साडेचारला निघालो. प्लग तपासला, तात्या. मित्राच्या बंदुकीत चौथं काडतूस आरामात गेलं! प्लग साफ करताना काढला होता आणि तो त्याच्या गॅरेजमध्ये. ती बंदूक गाडीतच राहिली आणि तो दिवसभर आमचे पक्षी वेचत बसला.

माझी काडतुसं ४३ गेली, पक्षी पाच पडले, हाताला चार लागले. पाचवा पडताना दुसरा थवा आला आणि माझी मान वर गेली. अर्धा तास धसकटात ओणव्यानं फिरलो. मिळाला नाही.

पहिला उचलला तेव्हा गरम होता. पिसं इतकी सैल की बोटांना चिकटून निघाली, आणि गळ्याची पिशवी दाण्यांनी टच्च भरलेली. बाबा खुर्चीवरून उठून आले. चारांतला एक जरा मोठा, फिकट, मानेवर मागून काळी पट्टी. बाबांनी तो तळहातावर पालथा केला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपल्या अंगणातला होला." खरंच तो. कॉलर्ड डव्ह, आपल्याकडचाच पक्षी. बहामात पिंजऱ्यातून सुटला, फ्लोरिडात शिरला आणि आता अख्ख्या देशभर झालाय. इथं त्याला मर्यादाच नाही, मोसमही नाही. बाबा बराच वेळ त्याच्याकडं बघत होते. फोटो नको म्हणाले.

घरी कूलर गॅरेजमध्येच ठेवला, श्रावण संपेपर्यंत स्वयंपाकघरात यायचा नाही असा ठराव आहे. आईनं दारातूनच विचारलं, "किती?" म्हटलं चार. "आणि बाबा पाच म्हणत होते ते?" सांगितलं, एक सापडला नाही. ती काही बोलली नाही, आत गेली.

असो. आता दोन पिशव्या तांदूळ घेऊन चढतोय, गुडघा अजून कुरकुरतो पण धाप कमी झालीय. उरलेला प्रश्न: भाच्याला मादी मिळालीच तर मांस दोन घरांत वाटायचंय. गॅरेजसाठी आडवा फ्रीझर किती घनफुटी घेऊ?

---

मीनाक्षी_ग्रीली | ३ सप्टेंबर

हिशोबानं पाच पुरतो. सात घ्या. ताईच्या वाटचंही तुमच्याकडंच येऊन पडणार आहे.

---

टेक्सासचा_तात्या | ४ सप्टेंबर

चार! पेढे कुठं आहेत?