कण्यातील स्टिम्युलेटर: चाचणीपूर्वी कोणती तयारी करावी?

अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार. माझ्या यजमानांच्या (वय ६१) कमरेच्या मणक्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. पहिल्या वेळी सरकलेल्या चकतीचा भाग काढला आणि दुसऱ्या वेळी चौथा व पाचवा मणका स्क्रू घालून जोडला. कंबर त्यानंतर बऱ्यापैकी सावरली. मात्र डाव्या नितंबापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी जळजळ आणि मधूनच उठणारी कळ काही केल्या जात नाही. प्रीगॅबालिन आणि ड्युलोक्सेटिन ही मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधे नियमित चालू आहेत, मज्जातंतूच्या मुळाशी इंजेक्शने घेऊन झाली, फिजिओथेरपी अजूनही सुरू आहे. आता पुण्यातील वेदनातज्ज्ञांनी ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर’ (मज्जारज्जूजवळ ठेवलेल्या तारांतून सौम्य विद्युत स्पंदने देऊन वेदना कमी करणारे यंत्र) सुचवला आहे. आधी आठवडाभर तात्पुरत्या तारा घालून चाचणी करायची आणि तिचा उपयोग झाला तरच कायमचे यंत्र बसवायचे, असे त्यांनी सांगितले.

स्क्रू असलेल्या पाठीत पुन्हा काहीतरी घालायचे, या कल्पनेनेच हे धास्तावले आहेत. त्यातच त्यांना मधुमेह आहे (एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ८.४) आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यामुळे क्लोपिडोग्रेल व ॲस्पिरिन या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू आहेत. चाचणीपूर्वी मानसशास्त्रीय तपासणीही सांगितली आहे, तेव्हापासून “माझे दुखणे यांना खोटे वाटते का?” असे म्हणून ते दुखावले आहेत.

आम्ही कोणती तयारी करावी, चाचणी यशस्वी झाली हे कशावरून ठरवावे आणि विम्याचे काय, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदाकाठ (नाशिक)

ताई, अशाच पायदुखीसाठी हे यंत्र मी काही वर्षांपासून वापरतो आहे, त्यामुळे रुग्णाच्या बाजूने जे कळते तेवढेच लिहितो. औषधांविषयी डॉक्टर मंडळी लिहितीलच.

माझ्या मते सगळी तयारी चाचणीभोवती करावी, कारण कायमची शस्त्रक्रिया करायची की नाही हे तो आठवडाच ठरवतो. वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली तर चाचणी यशस्वी मानण्याची सर्वसाधारण प्रथा आहे. परंतु निम्म्याने म्हणजे कशाच्या निम्म्याने, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर त्या आठवड्यात घरातले प्रत्येक जण वेगळे सांगू लागते. म्हणून आजपासूनच एक वही घाला. सलग किती वेळ उभे राहता येते, बसण्याची गरज पडण्यापूर्वी किती अंतर चालणे होते, रात्री पायाच्या कळेने किती वेळा जाग येते, जादाची गोळी कितीदा घ्यावी लागते, एवढे रोज टिपावे. पायाचे दुखणे आणि पाठीचे दुखणे यांचे आकडे वेगळे लिहिणे फार महत्त्वाचे आहे. चाचणीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत सुया टोचलेल्या जागी पाठ दुखतेच, आणि दोन्हींची बेरीज केली तर पायाला आलेला आराम तिच्यात झाकला जातो. उलट, “आता बरे वाटणारच” या भरातही आकडे खाली येतात. यजमानांनी लिहावे, तसे तुम्हीही स्वतंत्रपणे लिहावे आणि शेवटीच ताडून पाहावे.

त्या आठवड्यात अंथरुणावर पडून राहण्यात अर्थ नाही. वाकणे, पिळणे आणि ओझे उचलणे टाळून, ज्या कामांसाठी हा खटाटोप चालला आहे ती कामे करून पाहावीत: बाजारापर्यंत चालणे, देवळात उभे राहणे, गाडीत तासभर बसणे. तारा पाठीवर चिकटपट्टीने बसवलेल्या असतात आणि यंत्र कमरेला बाहेर असते, म्हणून आंघोळ नाही, ओल्या फडक्याने अंग पुसावे लागते. कंपनीचा तंत्रज्ञ प्रोग्राम बदलून देतो आणि बहुधा सौजन्याने वागतो, पण होकार किंवा नकार त्याच्यासमोर देऊ नये. तारा काढल्यानंतर दुखणे कसे परतते ते चार दिवस पाहून डॉक्टरांशी बोलावे. उपयोग झाला नाही तर तारा ओपीडीतच ओढून काढतात आणि तेथेच प्रकरण संपते. तो निकालही उपयोगाचाच असतो, कारण त्यामुळे लाखो रुपये आणि एक शस्त्रक्रिया वाचते.

घराची तयारी मात्र कायमच्या यंत्राचा विचार करूनच करावी. तारा जागेवर रुजेपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, वाकणे, कमरेतून वळणे, हात डोक्यावर नेऊन काही काढणे आणि दोन-अडीच किलोंहून जास्त वजन उचलणे बंद असते. भरलेली बादली या हिशेबात कुठेच बसत नाही. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर त्यावर ठेवण्याची खुर्ची आणावी, जमिनीवरची गादी पलंगावर न्यावी आणि मांडी घालून जेवण्याची सवय तेवढ्यापुरती सोडावी. तार सरकली तर यंत्रामुळे जाणवणाऱ्या झिणझिण्या भलत्याच ठिकाणी येऊ लागतात आणि प्रोग्राम बदलून भागले नाही तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

बॅटरीची जागा शस्त्रक्रियेच्या आधी, शुद्धीत असताना, उभे राहून आणि बसून पेनाने आखून घ्या. पट्टा किंवा लेंग्याची नाडी जेथे येते ती रेषा टाळावी, तसेच ज्या कुशीवर झोपतात ती बाजूही टाळावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु नंतर रोज तीच टोचते. चार्ज होणारी बॅटरी नऊ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक चालते, पण नियमितपणे त्वचेवर चार्जर धरून बसावे लागते. चार्ज न होणारी बॅटरी वापरानुसार साधारण दोन ते पाच वर्षांत बदलावी लागते. यजमानांना यंत्रे हाताळण्याचा कंटाळा असेल तर तो आधीच कबूल केलेला बरा.

वेदनाचिकित्सक (कोल्हापूर)

मी भूलशास्त्राचा पदव्युत्तर डॉक्टर असून वेदनोपचारांचे काम करतो. येथे लिहिलेले आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही, हे गृहीत धरावे.

यजमानांची धास्ती समजण्यासारखी आहे, पण त्यांना एक गोष्ट सांगावी. पायदुखीसाठी तारांची टोके साधारणपणे छातीच्या आठव्या ते दहाव्या मणक्यापाशी ठेवतात आणि सुई बहुधा स्क्रूंच्या वरच्या पातळीवरून आत जाते. त्यामुळे जुन्या शस्त्रक्रियेची जागा पुन्हा उघडत नाहीत. मात्र छातीच्या भागातील कण्याची नळी अरुंद नाही ना, हे पाहण्यासाठी त्या भागाचा एमआरआय आधी करून घेतलेला चांगला. यंत्र बसल्यानंतर एमआरआयवर मॉडेलनुसार अटी येतात, म्हणून गुडघा, खांदा किंवा अन्य कशाचा एमआरआय राहिला असेल तर तोही उरकून घ्यावा.

आता खरा कळीचा मुद्दा. क्लोपिडोग्रेल चालू असताना कण्याच्या आवरणाजवळ सुई घातल्यास रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणून ही गोळी साधारणपणे पाच ते सात दिवस आधी थांबवतात. पुष्कळांच्या लक्षात न येणारी बाब अशी की, चाचणीच्या तारा आत असेपर्यंत आणि त्या काढल्यानंतरही काही काळ ती सुरू करता येत नाही, कारण तारा काढतानाही रक्तस्रावाचा धोका असतोच. म्हणजे खंड एका आठवड्याचा न राहता दोन आठवड्यांच्या घरात जातो, आणि कायमच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पुन्हा एक खंड पडतो. स्टेंटच्या दृष्टीने एवढा खंड चालेल का, ॲस्पिरिन तरी चालू ठेवायचे का, याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि वेदनातज्ज्ञ या दोघांनी एकमेकांशी बोलून घ्यावा व तो लेखी असावा. “गोळी थांबवण्यास हरकत नाही” एवढ्या मोघम चिठ्ठीवर समाधान मानू नये. चाचणीचा संपूर्ण कालावधी हृदयरोगतज्ज्ञांना माहीत असला पाहिजे.

साखरेचे म्हणाल तर ८.४ वर घाई करू नये. शरीरात परकी वस्तू बसवायची असल्याने जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा संपूर्ण यंत्र काढावे लागते, म्हणून अनेक शल्यचिकित्सक एचबीए१सी ८ च्या आत आणण्यास सांगतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी मधुमेहाची गोळी चालू असल्यास ती शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवावी लागते. हृदयरोग असलेल्या मधुमेही रुग्णांच्या औषधांत ती बऱ्याचदा असते. प्रीगॅबालिन मात्र अचानक बंद करू नये. पायाची जखम, किडलेला दात, लघवीचा संसर्ग, पाठीवरील गळू यांचा उपचार आधी पूर्ण करावा. पाठीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असल्यास ती आत्ताच सोडावी. तिच्यामुळे जखम भरण्यास वेळ लागतो.

मानसशास्त्रीय तपासणी यजमानांवरील अविश्वासामुळे नसते. ती जवळपास सर्वच रुग्णांना सांगितली जाते. न उपचारलेले नैराश्य किंवा वेदना समूळ नाहीशी होईल ही अपेक्षा असेल, तर यंत्र व्यवस्थित चालूनही रुग्ण असमाधानी राहतो. दहापैकी आठ असलेले दुखणे तीन-चारवर आले तर त्यांना समाधान वाटेल का, हा प्रश्न तेथे निघतो, आणि तो घरीही निघालेला बरा.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि एका नातेवाइकाच्या निमित्ताने या विषयात बरेच वाचन झाले. कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या येथील नाइस या संस्थेने २००८ मध्येच या उपचाराला मान्यता दिली, पण तिच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: मज्जातंतूजन्य वेदना हवी, नेहमीचे उपचार होऊनही ती किमान सहा महिने वेदना मोजण्याच्या पट्टीवर १०० पैकी ५० किंवा अधिक असावी आणि निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांच्या गटाने केलेली चाचणी यशस्वी झालेली असावी. अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधे व वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र लिहून चाचणीशिवाय कायमचे यंत्र न बसवण्यास सांगितले. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी आधी चाचणीचा आग्रह धरला, हे चांगले लक्षण आहे.

तरीही पुराव्याची दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. शस्त्रक्रियेनंतर पाय दुखत राहिलेल्या १०० रुग्णांवरील, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांची पायदुखी निम्म्याने किंवा अधिक कमी झाली होती आणि नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. परंतु कोण कोणत्या गटात आहे हे तेथे रुग्णांना माहीत होते. नॉर्वेत ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णांना कळू दिले नव्हते. त्यात ‘बर्स्ट’ पद्धतीचे (स्पंदने झोताझोताने देणारे) स्टिम्युलेशन आणि बंद यंत्र यांत दैनंदिन कामाच्या क्षमतेच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ मधील आढाव्यानेही कंबरदुखीबाबत प्रतिकूल मत दिले. निव्वळ कंबरदुखीसाठी कोणी हे यंत्र सुचवले असते तर मी स्पष्टपणे थांबा म्हटले असते. यजमानांचे दुखणे मुख्यतः पायात आणि जळजळीच्या स्वरूपाचे आहे, म्हणून चाचणी करून पाहण्यास आधार आहे असे वाटते.

वेदनाचिकित्सक (कोल्हापूर)

लेस्टरकरांचा मुद्दा रास्त आहे. नॉर्वेतील अभ्यासात वापरलेल्या सेटिंगवर आमच्या शाखेत बरेच आक्षेप घेतले गेले आणि त्यांतील काही मला पटतात. पण म्हणून तो बाजूला सारता येत नाही. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी वेदनेच्या ‘गेट’चा सिद्धान्त (वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना कण्यातच दाराप्रमाणे अडवता येतो) मांडला आणि १९६७ मध्ये शीली यांनी पहिले यंत्र बसवले, तेव्हापासून झिणझिण्या जाणवत असल्यामुळे रुग्णाला अंधारात ठेवून तुलना करणे अवघड होते. झिणझिण्या न जाणवणाऱ्या नव्या पद्धतींमुळे ते आता शक्य झाले आहे.

हात_मोकळे (फिजिओथेरपिस्ट, पुणे)

एकच मुद्दा, पण कृपया विसरू नये. यंत्र बसल्यानंतर शॉर्टवेव्ह डायथर्मी, मायक्रोवेव्ह डायथर्मी आणि अल्ट्रासाउंडचा शेक आयुष्यभर घेऊ नये, यंत्र बंद असले तरीही. ती ऊर्जा तारांच्या टोकाशी एकवटून तेथील पेशी भाजू शकतात. आपल्याकडे मान धरली तरी शेजारच्या क्लिनिकमध्ये मशीनचा शेक देतात, म्हणून यंत्राचे ओळखपत्र पाकिटात असावे आणि खाटेवर झोपण्यापूर्वी ते दाखवावे. विमानतळावर, मॉलमध्ये किंवा मोठ्या देवस्थानांत धातुशोधक दरवाजा असतो, तेथे तेच कार्ड दाखवून हाताने तपासणी करण्याची विनंती करावी. कोणतीही पुढील शस्त्रक्रिया ठरल्यास तेथील सर्जनलाही आधी कल्पना द्यावी.

गोदाकाठ (नाशिक)

विम्याचे राहिले होते. २०१९ मध्ये विमा नियामकाने आधुनिक उपचारांची जी यादी दिली, तिच्यात मेंदूतील डीप ब्रेन स्टिम्युलेशन नावानिशी आहे, कण्यातील स्टिम्युलेटर नाही. त्यामुळे तोंडी होकारावर विसंबू नका. चाचणी आणि कायमची शस्त्रक्रिया यांसाठी वेगवेगळी लेखी पूर्वमंजुरी मागा. चाचणी एका दिवसात घरी सोडण्याच्या स्वरूपाची असल्यास ती डे-केअरमध्ये धरतात का, आणि यंत्राच्या किमतीवर वेगळी मर्यादा आहे का, हे दोन प्रश्न त्याच पत्रात विचारा.

अजिंक्यतारा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. क्लोपिडोग्रेलचा खंड इतका लांबतो हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आता साखर उतरेपर्यंत तारीख घेणार नाही आणि दोन्ही डॉक्टरांचे बोलणे करवून घेऊ. आणखी एक शंका आहे: चाचणीच्या आठवड्यात साताऱ्यास परत यावे की पुण्यातच राहावे?

वेदनाचिकित्सक (कोल्हापूर)

शक्य असल्यास पुण्यातच, रुग्णालयापासून जवळ राहावे. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी झाली तर दिवसा फोन करून विचारले तरी चालते. मात्र पायांतील शक्ती कमी होणे, दोन्ही पाय बधिर होणे, लघवी अडणे किंवा तिच्यावरील ताबा जाणे, पाठीत अचानक असह्य वेदना उठणे किंवा थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता, रात्री कितीही वाजलेले असोत, थेट त्याच रुग्णालयात जावे. अशा वेळी काही तासांनीही फरक पडतो आणि सातारा ते पुणे हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर त्या हिशेबात जड जाते. रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, तो क्रमांक घरी सोडण्यापूर्वीच लिहून मागून घ्यावा आणि एकदा लावून पाहावा.